‘प्रश्न उद्भवत नाही’ : मंत्र्यांच्या उत्तरांचे वाचन

विधिमंडळाच्या कामकाजाविषयी आपल्या चळवळीत दोन टोकांच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार विधानसभेत आपला प्रश्न विचारला गेला म्हणजे तो निम्मा सुटला. दुसरीनुसार ते सारे प्रस्थापितांचे नाटक आहे, रस्त्यावरच्या लढ्यावाचून पदरात काही पडत नाही. दोन्ही भूमिकांत एक गोष्ट नजरेआड होते. सभागृहात मंत्री जे उत्तर देतो ते शासनाचे छापील, तारीखवार निवेदन असते. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि ही जबाबदारी रोजच्या व्यवहारात दिसते ती उत्तरातच. हे उत्तर कसे तयार होते, कोण तयार करतो आणि त्यातला कोणता शब्द काय झाकतो, याचा विचार सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

गावगाड्यात दलिताला काम होते, हुकूम होता, शिवी होती, प्रश्न नव्हता. ‘का?’ हा शब्द उच्चारणे हाच अपराध होता. राज्यकारभारातही प्रश्नाचा अधिकार सहजासहजी आलेला नाही. १८६१ च्या कायद्याने कायदेमंडळे निर्माण झाली, पण सभासदांना प्रश्न विचारता येत नसे. तो अधिकार १८९२ च्या कायद्याने दिला. उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा १९०९ मध्ये मिळाली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच. इतर सभासदांना ती मिळण्यास १९१९ चा कायदा यावा लागला. म्हणजे राज्यकर्त्याला उभे करून जाब विचारण्याची रीत थोडी थोडी करून मिळवावी लागली आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाचे नाव दाखल झाले, त्याला शाळेतल्या नळाला स्वतः हात लावून पाणी पिता येत नव्हते. तोच मुलगा १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचा सभासद झाला आणि सरकारला प्रश्न विचारू लागला. बाबासाहेबांच्या या काळातील भाषणांचा आणि प्रश्नांचा खंड महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते उत्तरे देणाऱ्या बाजूला बसले. युद्धकाळात सरकारने कोळसा खाणीत स्त्रियांना जमिनीखाली काम करू देण्यावरची बंदी उठवली, तेव्हा फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागला. उत्तर देणाऱ्या खुर्चीत कोणीही बसला तरी तिचे ओझे त्याच्यावर येते, हे आपण येथून समजून घेतले पाहिजे. माणूस आपला की परका एवढ्यावर थांबून चालत नाही. त्या खुर्चीचा व्यवहार समजला पाहिजे.

आता या व्यवहाराचे स्वरूप पाहू. आमदार विचारतो ते प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्न यादीत खाली असेल आणि तास संपला तर त्याचेही लेखी उत्तरच पदरात पडते. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते, आणि उत्तराने समाधान न झाल्यास अर्धा तास चर्चा मागता येते. कोणता प्रश्न स्वीकारावयाचा हे विधानसभेत अध्यक्ष आणि विधान परिषदेत सभापती ठरवतात.

महाराष्ट्रात प्रश्नाचा एक ठराविक साचा आहे. पहिल्या भागात वस्तुस्थिती सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात. दुसरा भाग ‘असल्यास’ने सुरू होतो : असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? तिसरा : असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? शेवटचा : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचाही साचा ठरलेला आहे. ‘हे खरे आहे.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘माहिती घेण्यात येत आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’

या साच्यातच खरी गोम आहे. सर्व भाग ‘असल्यास’च्या साखळीने पहिल्या भागाला बांधलेले असतात. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की उरलेल्या भागांवर ‘प्रश्न उद्भवत नाही’ हा एकच शिक्का बसतो. समजा, एखाद्या आमदाराने विचारले की, अमुक गावच्या दलित वस्तीला गेली पाच वर्षे पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय? मधल्या एका पावसाळ्यात दोन महिने नळ चालू होता, एवढ्या आधारावर मंत्री ‘हे खरे नाही’ म्हणू शकतो. तो खोटे बोललेला नसतो, आणि खरेही बोललेला नसतो. वस्ती तहानलेली राहते आणि कागदावर तिचा प्रश्न उद्भवतच नाही.

म्हणून पहिला भाग नाकारता येणार नाही असा असावा लागतो. ‘पाणी मिळत नाही’ असे मोघम न म्हणता असे विचारावे : या वस्तीसाठी कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेतून किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली, किती घरांना नळजोड दिले, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी आणि कोणत्या तारखेला दिला? येथे ‘खरे नाही’ म्हणण्यास जागा राहत नाही. आकडा द्यावा लागतो, आणि आकडा दिला की तो वस्तीवर जाऊन मोजता येतो.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘चौकशी करण्यात येत आहे’, ‘निर्देश देण्यात आले आहेत’, ‘बाब विचाराधीन आहे’. या वाक्यांत कर्ता नाही. मराठी व्याकरणातला कर्मणी प्रयोग शासनाला फार सोयीचा पडलेला आहे. कोण चौकशी करतो? निर्देश कोणी, कोणाला, कधी दिले? कोणाच्या विचाराधीन? साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी कवितेतली प्रतिमा शोधावी तसा या वाक्यांतला हरवलेला कर्ता शोधावा. ‘अंशतः खरे आहे’ या उत्तरावर तर एकच उपप्रश्न पुरेसा आहे : कोणता अंश?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तराचा प्रवास. मंत्री सभागृहात वाचतो ते उत्तर त्याने लिहिलेले नसते. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयातील विभागाकडे जातो. तेथून तो आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषद, मग तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी असा उतरत अखेर तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर येतो. कचेऱ्यांच्या बोलीत ‘एलएक्यू आला’ म्हटले की बाकीची कामे बाजूला पडतात. खालून आलेली माहिती पुन्हा पायरी पायरीने वर चढते. प्रत्येक पायरीवर ती थोडी घासली जाते, टोके मोडली जातात, आणि शेवटी उपप्रश्नांसाठीच्या पूरक टिपणीसह मंत्र्याच्या हाती पडते. म्हणजे ज्या कचेरीबद्दल तक्रार असते तीच बहुधा तक्रारीच्या उत्तराचा पहिला मसुदा लिहिते. गावात ज्यांचा वरचष्मा आहे त्यांच्या ओट्यावर बसूनही हा मसुदा तयार होऊ शकतो. मुंबईत किंवा नागपुरात उमटणारा आवाज मंत्र्याचा असला तरी त्यातली माहिती गावच्या सत्तेची असते. दलित वस्तीने स्वतःची नोंद, स्वतःचे पंचनामे, अर्जांच्या पोचपावत्या ठेवल्या नसतील तर या मसुद्याला खोडून काढणारा दुसरा कागदच नसतो.

सातारा आणि सांगलीचा विचार या ठिकाणी वेगळा करावा लागतो. १९४९ पर्यंत सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या भूमीने उत्तरे देणारे भरपूर दिले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, पृथ्वीराज चव्हाण हे मुख्यमंत्री येथले. २०२२ ते २०२४ या काळात मुख्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांचे मूळ गाव दरे हेही साताऱ्यातले. गृहखाते सांभाळणारे आर. आर. पाटील तासगावचे. याचा अभिमान बाळगणारे पुष्कळ आहेत. परंतु एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. मंत्री झालेला सभासद प्रश्न विचारत नाही. त्याच्या मतदारसंघाला मंत्री मिळतो, पण प्रश्नकर्ता जातो. दोन्ही जिल्ह्यांत मिळून विधानसभेच्या सोळा जागा आहेत. २००८ च्या पुनर्रचनेनुसार त्यांतील फलटण आणि मिरज या दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. राखीव जागेवरचा सभासद आपल्या पक्षाच्या मंत्र्याला अडचणीत आणील अशी आशा फार वेळा फळत नाही. परंतु माण तालुक्यातील प्रश्न साताऱ्याच्याच आमदाराने विचारावा असा नियम नाही. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सभासद आहेत. गावाचा प्रश्न घेऊन यांतील कोणाकडेही जाता येते.

या भागातील तीन विषय उदाहरणादाखल घेऊ.

पहिला पाण्याचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांबद्दल उत्तर येते ते बहुधा ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ या शब्दांत. क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले रान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतराचा वाद राज्यभर इतका पेटला की २०१२ मध्ये शासनाला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली. दलिताच्या दृष्टीने आणखी एक अंतर आहे. ज्याला रानच नाही त्याचा हिशेब क्षमतेतही नाही आणि भिजलेल्या क्षेत्रातही नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असावा ही मागणी सांगली जिल्ह्यातील समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने मांडली. लाभक्षेत्रातील भूमिहीन कुटुंबे किती, अनुसूचित जातींच्या खातेदारांचे भिजलेले क्षेत्र किती, असे विचारले तरच ते अंतर उघडे पडेल.

दुसरा अत्याचाराचा. अशा प्रश्नावर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असे उत्तर तयारच असते. आरोपी दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील, हे मान्य. परंतु १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनी प्रशासनावर जी कर्तव्ये टाकली आहेत ती न्यायप्रविष्ट नसतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावयास हवी. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची बैठक जानेवारीत आणि जुलैत, अशी वर्षातून किमान दोनदा व्हावयास हवी. पीडितांना सात दिवसांत मदत मिळावयास हवी. बैठका कोणत्या तारखांना झाल्या, मदत कितव्या दिवशी पोचली, हे विचारण्याच्या आड कोणतेही न्यायालय येत नाही.

तिसरा नावाचा. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने ११ डिसेंबर २०२० रोजी काढला. ‘कार्यवाही चालू आहे’ हे त्यावरचे सोपे उत्तर. तालुकावार किती नावे बदलली आणि किती राहिली, तलाठ्याच्या दप्तरात व मतदार यादीत जुने नाव अजून आहे काय, असे विचारल्यास त्या उत्तरापुरते निभावत नाही.

प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे काम संपत नाही; खरे तर तेथून ते सुरू होते. ‘चौकशी करू’, ‘माहिती सभागृहासमोर ठेवू’ ही मंत्र्याची वाक्ये आश्वासने ठरतात. लोकसभेने १९५३ मध्ये त्यासाठी आश्वासन समिती नेमली. तेथे तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही अशी समिती आहे. मंत्र्याने हेतुपुरस्सर दिशाभूल केल्याचे दिसल्यास हक्कभंगाचा मार्ग आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल लोकसभेत प्रश्न झाले. फिरोज गांधींनी त्याचा पाठपुरावा केला, न्या. छगलांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले. याच्या उलट, डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदार संसदेतून काढले गेले. एकच हत्यार, धरणारा हात कोणाचा यावर सारे ठरते.

या हत्याराची धार बोथट करण्याचे प्रयत्नही चालू असतात. सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या कारणाने संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात एक मोलाचे वाक्य होते : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य व्यक्तीलाही नाकारता येणार नाही. गावातला भूमिहीन आणि सभागृहातला आमदार यांना एका रेषेवर आणणारे ते वाक्य होते. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने त्या कलमात बदल करताना ते गाळले गेले. त्याबद्दल जेवढा क्षोभ व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही.

तेव्हा कामाची दिशा स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात दोनचार शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी अधिवेशनातील प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या मिळवाव्यात. आपल्या गावांबद्दलची उत्तरे वेगळी काढून वस्तीवर नेऊन वाचून दाखवावीत. उत्तरातील आकडा आणि वस्तीवरचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. त्या दोहोंतल्या फरकातून पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार होतो, आणि मोर्चाची मागणीही. सभागृहातला प्रश्न आणि रस्त्यावरचा लढा यांत विरोध मानणाऱ्यांनी हे करून पाहावे.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द आपल्याला नवे नाहीत. पाणवठ्यावर, देवळाच्या दारात, वतनाच्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच ऐकवले गेले. फरक एवढाच की आता ते तारखेनिशी छापून येतात, आणि जे छापून येते ते खोडून काढता येते. मात्र त्यासाठी आपल्या हाती आपला कागद असला पाहिजे.