जोडीने चला वेळासच्या किनाऱ्यावर

मार्चच्या सुमारास रब्बीची मळणी आटोपली, की शेतकऱ्याच्या घरात चार दिवस मोकळे सापडतात. त्यातला एक दिवस तुम्ही नवरा-बायकोने स्वतःसाठी काढा. गोठा शेजाऱ्यांवर सोपवा आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास गाव गाठा. देवदर्शनाला आपण जातोच. एकदा समुद्रकाठच्या जीवांच्या दर्शनाला जावे. मोठा कॅमेरा हवाच असे नाही. मुलाचा मोबाईल मागून घेतलात तरी चालेल.

निघण्याआधी पंचांग पाहा. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते. आपल्याला हेच दिवस सोयीचे. पहाटे पाणी लांब गेलेले असते, आणि ऊन चढते तसतशी भरती पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. तुम्ही फक्त वाळूत बसून राहायचे. मागे धावलात, की कुरव आणि तुतवार उडालेच म्हणून समजा. शिवाय सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, तुमच्या पाठीमागून उगवतो. संध्याकाळी तो समुद्रावर असतो. तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या मिळतील.

बायकोला पिशवी धरायला लावू नका बरे! एकाने कॅमेरा धरावा, दुसऱ्याने नजर ठेवावी, आणि तासाने अदलाबदल करावी. ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी गोळ्यांची काढलेली रांगोळी बहुधा तिलाच आधी दिसेल. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा मोठा ढीग दिसला, तर तो काकणाचा, म्हणजे समुद्री गरुडाचा, संसार. जोडीने डागडुजी करून तेच घरटे ते वर्षानुवर्षे वापरतात. त्यांना लांबूनच पाहा.

पण वेळासला जायचे ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, हातभर खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कुत्री-कोल्हे खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने राखण सुरू केली. अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात आणि पिले निघायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिले वर येतात. सकाळ-संध्याकाळ ती किनाऱ्यावर सोडतात. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, जेवतात. या राखणीतून घरच्या बाईच्या हाती चार पैसे येऊ लागले, हे मला फार मोलाचे वाटते.

मादी जन्मल्या किनाऱ्यावरच अंडी घालायला येते, म्हणून तिला माहेरवाशीण म्हणतात. पण ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन माहेरे असलेली भाग्यवानही असते म्हणायची!

पिले सोडतात तेव्हा दोरीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसा. फ्लॅश बंद. बॅटरीही नको. ही पिले उजेडाच्या रोखाने चालतात. समुद्रावरचा उजेड हीच त्यांची वाट. तुमच्या हातात उजेड लखलखला, की ती भलतीकडे वळतात, दमतात आणि घारी-कावळ्यांना सापडतात. हजारांत एखादेच मोठे होते असे म्हणतात. त्या नासाडीत आपला हात नको. पिलू तळव्यावर घेऊन फोटो तर मुळीच नाही; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण दिलेले आहे. अंधुक आला फोटो, तर येऊ द्या.

आणि एखाद्या सकाळी टोपली उचलतात, तर खाली एकही पिलू नसते. तेव्हा कुरकुर न करता घरी जाऊन चहा घ्या, आणि संध्याकाळी पुन्हा या.