डोंगर चढताना थंडी कमी का होते?

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या मित्राला बरोबर घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत चालत जाणे, हा उपनगरांतील अनेकांचा ठरलेला कार्यक्रम असतो. प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे अंतर सुमारे सहा किलोमीटर. सुरुवातीला दहिसर नदीच्या आसपास स्वेटर हवासा वाटतो. वर पोचेपर्यंत तो कमरेला बांधलेला असतो. 'चालून अंग तापले' हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. वर निवांत बसून घाम वाळला, तरी खालची बोचरी थंडी तिथे पुष्कळदा नसते.

पाठ्यपुस्तक तर उलट सांगते. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने ३०० मीटर वर सुमारे दोन अंश अधिक थंडी हवी. मग पुस्तक चुकले का? नाही. ६.५ ही सरासरी आहे. हिवाळ्यातील एखाद्या शांत सकाळी जमिनीलगतची हवा ती पाळतेच असे नाही.

रात्री काय घडते?

हवा मुख्यतः जमिनीमुळे तापते आणि जमिनीमुळेच निवते. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता प्रारणाने गमावू लागते. पावसाळ्यात ढग व बाष्प त्यातील बरीचशी परत पाठवतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत नदीच्या व ओढ्यांच्या खोलगट भागांत साचते. पहाटेपर्यंत खाली थंड हवा आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवा, अशी रचना तयार होते. हिलाच तापमानाची विपरीतता म्हणतात. वारा असेल किंवा आभाळ भरलेले असेल, तर ती जमत नाही.

समुद्राचे पाणी जमिनीइतके लवकर निवत नाही. म्हणून जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझचे किमान तापमान ७.४ अंशांपर्यंत उतरले, तेव्हा समुद्राने वेढलेल्या कुलाब्याला ते ११.७ अंश होते.

दोन तापमापी, दोन मित्र

हे पडताळून पाहता येईल. एकच माणूस तापमापी घेऊन चढला, तर वर पोचेपर्यंत दोन तास जातात आणि ऊनही वाढते. मग तापमानातला फरक उंचीमुळे पडला की वेळेमुळे, हे सांगता येत नाही. म्हणून इथे मित्र केवळ सोबतीला नव्हे, तर प्रयोगासाठीच हवा: एक खाली, एक वर. विद्यार्थी असतील तर शिक्षकांसह दोन गट करावेत. हे बिबट्यांचे जंगल आहे. उद्यानाची परवानगी घ्यावी आणि मुख्य वाट सोडू नये.

आदल्या दिवशी दोन्ही तापमापी दहा मिनिटे शेजारी ठेवून त्यांच्या नोंदींतला फरक लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी घड्याळे जुळवून, दोन्हीकडे सावलीत आणि जमिनीपासून सारख्याच उंचीवर तापमापी धरून, दर अर्ध्या तासाने नोंद करा. सकाळी जितक्या लवकर सुरुवात होईल तितके चांगले. शांत, निरभ्र सकाळी सुरुवातीला वरचे तापमान खालच्याइतकेच किंवा अधिक मिळण्याचा संभव असतो. ऊन चढू लागले की खालचा आकडा भराभर वाढतो आणि काही वेळाने वरच्याला मागे टाकतो. तो क्षण कोणता, हे आलेखावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे दिसेल.

वरच्या गटाला आणखी एक काम द्यावे. शहराकडे पाहून, लांबची एखादी खूण, उदाहरणार्थ गोराईचा पॅगोडा, केव्हा स्पष्ट दिसू लागते ते लिहायचे. अशा सकाळी शहरावर करड्या धुरकट हवेचा थर दिसतो आणि त्याचा वरचा काठ जणू पट्टीने आखल्यासारखा सपाट असतो.

झाकण कसे बसते?

वर जाणारी कोरडी हवा प्रसरण पावते आणि दर १०० मीटरला सुमारे एक अंश निवते. एरवी वरची हवाही थंडच असते, म्हणून धूर चढत राहतो. विपरीतता असताना मात्र वर जाणाऱ्या धुराला भोवती आपल्याहून उबदार, म्हणजे हलकी हवा भेटते. तो जड ठरतो आणि पुन्हा खाली येतो. वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ, कचऱ्याचा धूर, सारे त्या झाकणाखाली अडकते. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात असेच झाकण टिकून राहिले आणि कोळशाच्या धुराने हजारो माणसे दगावली.

मुंबईत ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उठून झाकण फोडते. पुढे समुद्रावरचा वारा सुरू झाला की हवा आणखी मोकळी होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'सफर' प्रकल्पात २०१५ मध्ये बोरिवली, अंधेरी, भांडुप अशा ठिकाणी हवेची मोजणी सुरू केली. आपल्या जवळच्या केंद्राच्या त्या दिवसाच्या तासागणिक नोंदी मिळाल्या, तर त्या आपल्या आलेखाशेजारी मांडून पाहाव्यात.

शाळेने काय करावे?

आपल्या शाळांत कवायत आणि धावण्याचा सराव बहुधा सकाळी सातला होतो. 'सकाळची हवा शुद्ध' हे आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. हिवाळ्यातील शहरात, वारा पडलेला असताना, ते खरे ठरत नाही. धावणारे मूल स्वस्थ बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. दमा असलेल्या मुलाला त्याचा त्रास आधी होतो. धुरकट सकाळी सराव दोन-तीन तास पुढे ढकलणे वेळापत्रकात अवघड असेल, अशक्य नाही. आणि शाळेच्या फाटकापाशी सकाळी झाडलेला पालापाचोळा पेटवला जात असेल, तर ते आजच थांबवता येईल. त्या वेळी तो धूर दूर जात नाही. मुलांच्या नाकाच्या उंचीवरच रेंगाळतो.