बेळगावातून उठलेला कारखाना

बेळगावचा किर्लोस्कर रोड आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. बाजारात जाता-येता आपण तिथून कितीदा गेलो असू, त्याची गणती नाही. पण या रस्त्याला हे नाव का, असे घरातल्या मुलांनी विचारले तर आपल्यातले बरेचजण "इथे पूर्वी त्यांचे दुकान होते" एवढ्यावरच थांबतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. दुकानानंतर बेळगावात कारखानाही निघाला होता आणि तो इथून उठून गेला. एखादा मोठा उद्योग गावाला काय देतो, हे समजून घ्यायला आपल्याला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

सायकलच्या दुकानापासून नांगरापर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नसल्याने तो मार्ग सोडावा लागला. यंत्रांच्या आराखड्यांत मात्र त्यांचा हात चांगला होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुंबईहून ते सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

इथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. शेतकऱ्यांना लोखंडी नांगराचे भय वाटे. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. हळूहळू मागणी वाढू लागली आणि नेमक्या त्याच वेळी नगरपालिकेचा आदेश आला. ठळकवाडीची, म्हणजे आजच्या टिळकवाडीची, नवी वसाहत वसवायची असल्याने जागा खाली करायला सांगण्यात आले.

लक्ष्मणरावांपाशी दुसरी जागा नव्हती आणि ती घेण्याइतके भांडवलही नव्हते. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. हे स्टेशन पुणे, मिरज, बेळगाव याच लोहमार्गावरचे. जमीन ओसाड माळाची होती. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. 1910 च्या मार्चमध्ये किर्लोस्कर मंडळी तिथे राहायला गेली. त्या माळाचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.

माळाला काय मिळाले?

कारखान्याचा फायदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पगार येतो. ते चूक नाही. महिन्याच्या महिन्याला हातात रोख रक्कम येऊ लागली की किराणा दुकान चालते, शिंप्याला काम मिळते, मुलांची फी वेळेवर भरता येते. पण किर्लोस्करवाडीला पगारापलीकडच्याही तीन गोष्टी मिळाल्या.

पहिली गोष्ट म्हणजे हातातले कसब. आसपासच्या खेड्यांतल्या पोरांना तिथे साचा भरायला, लोखंड ओतायला, लेथ चालवायला शिकवले गेले. शाळेत ज्यांचे जमले नाही अशा मुलांनाही लक्ष्मणरावांनी जवळ केले आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदारीचे काम दिले. कामगार कारखाना सोडून गेला तरी हे कसब त्याच्याबरोबर जाते आणि पुढे त्याच्या मुलालाही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट शेतीला झालेला लाभ. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे पंप, हा सगळा माल शेतकऱ्याच्या कामाचा होता. खोल नांगरट झाली की हरळी मुळासकट निघते. पंप बसला की विहिरीचे पाणी लांबच्या वावरापर्यंत जाते. म्हणजे कारखान्याचा फायदा ज्याने कधी त्याच्या फाटकात पाऊलही टाकले नाही, त्यालाही पोहोचला.

तिसरी गोष्ट सार्वजनिक जीवन. आखीव रस्ते, घरे आणि शाळा असलेली वसाहत उभी राहिली. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याचे वार्तापत्र होते. त्यातून 'किर्लोस्कर' मासिक वाढले आणि 1930 मध्ये 'स्त्री' मासिक निघाले. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात जी मासिके असत, त्यांचा उगम असा एका नांगराच्या कारखान्यात आहे.

एकाच खांबावरचा तंबू

या चित्राला दुसरी बाजूही आहे. सारे गाव एका कारखान्यावर उभे असेल, तर कारखान्याला सर्दी झाली की गावाला ताप येतो. 1948 च्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला, तेव्हा ज्वाळांनी वसाहतीचा रोजगारच धोक्यात आणला. कारखाना पुन्हा उभा राहिला. पण उद्योगाचा विस्तार तोवर बाहेरही सुरू झाला होता. हरिहर, बंगळूर आणि पुणे इथे किर्लोस्करांचे नवे कारखाने निघाले होते. कंपनी वाढली की तिचा कारभार आणि नफा जन्मगावीच राहील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

बेळगाव आणि निपाणी: दोन वाटा

मग कारखाना गेल्यावर बेळगावाचे काय झाले? पुढच्या काळात इथे एकच मोठा धनी न होता अनेक लहान-मोठे उद्योग वाढले. इंडालचा, म्हणजे आजच्या हिंडाल्कोचा, ॲल्युमिना कारखाना आला हे खरे. पण शहराची खरी ओळख झाली ती उद्यमबाग आणि परिसरातल्या फाउंड्रींची. इथे एका कास्टिंगची ऑर्डर किती घरांत चूल पेटवते ते पाहा. पॅटर्न करणारा कारागीर, साचे भरणारे कामगार, भट्टीवाला, ओतीव माल घासून साफ करणारे, लेथवर त्याला अचूक माप देणारा टर्नर आणि शेवटी टेम्पोवाला. एक फाउंड्री बंद पडली तरी बाकीची साखळी दुसऱ्या कामावर तग धरते. या साऱ्याचे श्रेय किर्लोस्करांना देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र लोखंडाचे काम इथल्या माणसाला परके नाही, हे त्यांच्या काळापासून दिसते.

निपाणीची वाट वेगळी. तिथे तंबाखूची पेठ वाढली. पीक शेतकऱ्याचे आणि श्रम वखारीतल्या बायकांचे, पण भाव ठरवणारा व्यापारी. तंबाखूच्या धुळीत दिवसभर काम करणाऱ्या या स्त्रियांविषयी अनिल अवचटांनी लिहिले, ते आपल्यातल्या अनेकांनी वाचले असेल. भावाच्या प्रश्नावर 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर आंदोलन झाले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. निपाणीत उलाढाल मोठी होती, पण ज्यांच्या कष्टावर ती चालली, त्यांच्या हाती त्यातले फार थोडे उरले. उलाढाल आणि भरभराट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निपाणीने आपल्याला फार महाग शिकवले.

आपण काय विचारावे?

आज निपाणीहून जवळच असलेल्या कागलच्या औद्योगिक वसाहतीत किर्लोस्करांचाच इंजिनांचा कारखाना आहे. शंभर वर्षांपूर्वी बेळगाव सोडून गेलेले नाव असे फिरून आपल्या शेजारी आले आहे. तरीही आपली कितीतरी मुले शिक्षण संपले की पुणे-बंगळूरची गाडी धरतात.

म्हणून नवा कारखाना येणार अशी बातमी आली की "किती नोकऱ्या?" एवढ्यावर आपण थांबू नये. तिथे आपल्या मुलांना कसब शिकवणार का? सुटे भाग इथल्या वर्कशॉपमधून घेणार का? कायम नोकर किती आणि कंत्राटी किती? पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार? हेही विचारायला हवे. आणि इथला एखादा लहान उद्योजक वाढू पाहत असेल, तर त्याला जागा मिळते की नाही, याकडेही लक्ष हवे. नगरपालिकेला वसाहत हवी होती आणि ती गरजही खरीच होती. फक्त त्या नकाशात एका धडपडणाऱ्या कारखान्यासाठी कोपरा ठेवायचे कोणाला सुचले नाही.

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी फाउंड्रीत, वखारीत किंवा मिलमध्ये आयुष्य घालवलेली वडीलधारी मंडळी आहेत. त्यांना पहिला पगार किती होता, काम कोणी शिकवले, हे एकदा विचारून लिहून ठेवावे. पुढच्या वेळी मुलांनी किर्लोस्कर रोडचे नाव काढले, तर त्यांना सांगायला आपल्याकडे पूर्ण गोष्ट असेल.