लेथ, लाकूड कातण्याचा

लेथ, लाकूड कातण्याचा : लाकडाचा ठोकळा आडव्या अक्षाभोवती फिरवून त्यास हातात धरलेल्या धारदार हत्याराने गोल घाट देण्याचे यंत्र. त्याच्या आकाराची दोन मापे देतात. बैठकीपासून अक्षाच्या उंचीची दुप्पट म्हणजे मावणारा कमाल व्यास आणि दोन टोकांमधील अंतर म्हणजे मावणारी कमाल लांबी. वाडगी, थाळे यांसाठी पहिले माप महत्त्वाचे, तर पलंगाचे पाये, कठड्याचे दांडे इत्यादींसाठी दुसरे. विक्रेते व्यासाचे माप ठळकपणे सांगतात. परंतु लांब ठोकळा कातताना ते पूर्णपणे उपयोगी पडत नाही. हत्याराच्या टेकणाचा तळ बैठकीवर ठोकळ्याखाली सरकत असल्याने तेथे मावणारा व्यास काही सेंमी.ने कमीच असतो.

व्यासाच्या मानाने वजन फार झपाट्याने वाढते. दर घ.मी.ला ९०० किग्रॅ. घनतेच्या ओल्या लाकडाची ३० सेंमी. व्यासाची व १० सेंमी. जाडीची चकती सु. ६.५ किग्रॅ. भरते, ५० सेंमी. व्यासाची व १५ सेंमी. जाडीची सु. २६.५ किग्रॅ. भरते. शिवाय ओबडधोबड ठोकळा क्वचितच समतोल असतो. अक्षापासून २० सेंमी.वर एका बाजूस १ किग्रॅ. लाकूड जास्त असेल, तर मिनिटास ३०० फेऱ्यांना सु. २० किग्रॅ. भाराइतकी केंद्रोत्सारी प्रेरणा निर्माण होते. ६०० फेऱ्यांना ती चौपट, म्हणजे सु. ८० किग्रॅ. होते. हलके यंत्र अशा वेळी जमिनीवर चालू लागते आणि ठोकळा सुटल्यास कारागिराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मोठ्या लेथची खरी कसोटी व्यासापेक्षा त्याचे वजन व सर्वांत मंद वेग ही होय. व्यास मोठा पण किमान वेग ५०० फेऱ्यांचा, असे यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये.

किंमत वाढते ती मुख्यतः जड बिडाची बैठक, भक्कम धारवे आणि वेग हवा तसा बदलणारी विद्युत् योजना यांमुळे. यंत्राची किंमत हाच सर्व खर्च नव्हे. ठोकळा पकडणारा चक, हत्यारे, त्यांना धार लावण्याचे चाक, धूळ ओढणारी योजना, वाहतूक व पक्की जमीन यांसाठी बरीच रक्कम बाजूला ठेवावी लागते. ठोकळा कापणारी पट्टा-करवत लहान असेल, तर मोठ्या लेथला पुरेसे मोठे लाकूड मिळणेच कठीण. ही गोष्ट बहुधा खरेदीनंतर ध्यानात येते.

लाटणी, भोवरे किंवा सावंतवाडीच्या धर्तीची लाखकामाची कातीव खेळणी एवढेच काम असल्यास लहान यंत्र पुरते. वर्षातून एकदोनदा मोठा थाळा करावयाचा असेल, तर शिरोभाग वळविता किंवा बैठकीच्या टोकाशी सरकविता येणारा मध्यम लेथ अधिक सोयीचा. त्यात ठोकळा बैठकीबाहेर फिरत असल्याने मोठा व्यास मावतो. मात्र टेकणास स्वतंत्र भक्कम आधार लागतो आणि वेग व वजन यांविषयीची वरील बंधने तशीच राहतात. जुना पण जड लेथ पुष्कळदा नव्या हलक्या लेथपेक्षा किफायतशीर ठरतो. तो घेताना दोन्ही टोकांचे अणकुचीदार बिंदू समोरासमोर आणून ते तंतोतंत जुळतात का आणि मुख्य दांडा हाताने हलविल्यास धारव्यात खेळतो का, हे पाहतात. बिंदू थोडे सरकलेले असल्यास ते जुळवून घेता येतात. बैठकीस तडा असल्यास मात्र यंत्र सोडून द्यावे.