जागतिक भौतिकोपचार महासंघ आणि आपली चिठ्ठी

अस्थिरोगतज्ज्ञ असो, मेंदूविकारतज्ज्ञ असो वा कुटुंबवैद्य, आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून एक चिठ्ठी वर्षानुवर्षे लिहिली जात आहे : ‘फिजिओथेरपी, दहा दिवस.’ कधी तिच्यात शॉर्टवेव्ह डायथर्मी किंवा ट्रॅक्शन एवढी भर असते. निदान मात्र पुष्कळदा नसतेच. ही चिठ्ठी ज्याच्या हाती पडते त्याने सांगितलेले यंत्र लावून द्यावे, की रुग्णास स्वतः तपासून उपचार ठरवावा? या प्रश्नाशी ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सात दशकांहून अधिक काळ संबंध आहे, तिचे नाव आपल्या वैद्यकवर्तुळात क्वचितच ऐकू येते.

ही संस्था म्हणजे ‘वर्ल्ड कॉन्फेडरेशन फॉर फिजिकल थेरपी’. २०२० सालापासून ती ‘वर्ल्ड फिजिओथेरपी’ या सुटसुटीत नावाने कार्य करते. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिक आणि पोलिओने पंगू झालेली मुले यांच्यामुळे या शास्त्राची निकड अनेक देशांना एकाच वेळी जाणवली होती. ८ सप्टेंबर १९५१ रोजी कोपनहेगन येथे अकरा देशांच्या राष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन महासंघ स्थापन केला. त्यांत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पश्चिम जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातील देश होते. अमेरिकेच्या मिल्ड्रेड एल्सन या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिले अधिवेशन १९५३ साली लंडनला भरले. महासंघाचे कार्यालय आजही लंडनलाच आहे. स्थापनेचा दिवस १९९६ पासून जागतिक फिजिओथेरपी दिन म्हणून पाळला जातो.

योगायोग असा, की त्याच सुमारास आपल्याकडेही या विद्येची पायाभरणी होत होती. मुंबईत पोलिओची मोठी साथ आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ साली केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९६७ मध्ये ती महासंघाची सदस्य झाली. ‘संघटना सदस्य झाली’ हे शब्द मुद्दाम लक्षात ठेवावेत. महासंघात एका देशाची एकच संघटना घेतली जाते. व्यक्तीस थेट सदस्यत्व नाही. आज अशा संघटनांची संख्या १२० हून अधिक आहे.

येथेच पहिला गैरसमज उद्भवतो. आपल्या इंदुरातील मराठी कुटुंबांतून भौतिकोपचाराची पदवी घेऊन परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे. ‘आमच्या मुलीचे कॉलेज त्या जागतिक संस्थेचे मान्यताप्राप्त आहे ना?’ अशी पृच्छा पालक करतात. त्यांना स्पष्ट सांगावयास हवे, की ही संस्था कोणालाही व्यवसायाचा परवाना देत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे करावी लागते. ऑस्ट्रेलियात परदेशी पदवीची छाननी तेथील फिजिओथेरपी कौन्सिल करते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे मंडळ निराळे असून राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. महासंघ या व्यवसायाचे किमान शिक्षण कसे असावे, नीतिनियम कोणते असावेत, याची मार्गदर्शक तत्त्वे घालून देतो. ती कोणावरही कायद्याने बंधनकारक नाहीत.

मग अशा संस्थेला वजन कोठून येते? मुख्यतः जागतिक आरोग्य संघटनेशी असलेल्या अधिकृत संबंधांतून. पुनर्वसन म्हणजे औषधोपचार संपल्यावर जमल्यास करावयाची गोष्ट, ही समजूत मोडून काढण्यासाठी आरोग्य संघटनेने २०१७ साली ‘पुनर्वसन २०३०’ हा उपक्रम हाती घेतला. २०२३ च्या जागतिक आरोग्य सभेने त्यावर ठरावही केला. पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशा व्यक्ती जगात सुमारे २४० कोटी आहेत, असा संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दर तिघांमागे एक! अशा धोरणांच्या चर्चेत या व्यवसायाची बाजू मांडणे हे महासंघाचे खरे काम होय. अधिवेशने, दिनविशेष, भित्तिपत्रके ही त्यामानाने दुय्यम.

आता चिठ्ठीकडे वळू. आरंभीच्या काळात डॉक्टरांनी पाठविल्यावाचून रुग्ण घ्यावयाचा नाही, हा या व्यवसायाचा नीतिनियमच होता. ऑस्ट्रेलियातील संघटनेने १९७६ साली तो काढून टाकला, तेव्हा महासंघातही खळबळ उडाली. अखेर १९७८ च्या सर्वसाधारण सभेत, प्रत्येक देशाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे हे ठरवावे, असा मार्ग निघाला. पुढे महासंघाची भूमिका अधिक निश्चित झाली : रुग्णाला थेट येता यावे, भौतिकोपचारतज्ज्ञाने स्वतः परीक्षण करून उपचार योजावा आणि आपल्या कक्षेबाहेरचे काही आढळल्यास रुग्णास योग्य डॉक्टरकडे धाडावे. अमेरिकेत आज सर्व पन्नास राज्यांत कोणत्या ना कोणत्या मर्यादेत थेट उपचाराची मुभा आहे.

आपल्यातील अनेकांना हे रुचत नाही आणि त्यांची शंका अगदीच निराधार नाही. पाठदुखीच्या रुग्णाच्या मणक्यात क्षय किंवा अर्बुद असू शकते. ते ओळखण्याची जबाबदारी कोणाची? महासंघाचे उत्तर शिक्षणाच्या दर्जाकडे बोट दाखविते. आपल्या देशात तो दर्जा सर्वत्र सारखा आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. महाराष्ट्र, दिल्ली अशा काही राज्यांनी परिषदा स्थापन केल्या होत्या. परंतु देशपातळीवरील कायदा व्हावयास २०२१ साल उजाडले.

त्यानंतरचा वाद मात्र भलत्याच मुद्द्यावर रंगला. नव्या आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात नावापूर्वी ‘डॉ.’ लावण्यास अनुकूलता दर्शविली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. महासंघाचा भर ‘फिजिओथेरपिस्ट’ आणि ‘फिजिकल थेरपिस्ट’ या नावांना कायद्याचे संरक्षण मिळावे यावर आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीविना ही नावे लावणे गुन्हा ठरतो. आपल्याकडे मालिश करणाराही स्वतःस फिजिओथेरपिस्ट म्हणवितो, याची चिंता दोन्ही पक्षांनी ‘डॉ.’पेक्षा अधिक करावयास हवी होती.

दरम्यान शास्त्र पुढे गेले आहे. महासंघाने २०२४ च्या दिनासाठी कंबरदुखी हा विषय निवडला होता. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन व कंबरपट्टा यांची नाही. चिठ्ठीत ‘ट्रॅक्शन, दहा दिवस’ असा हुकूम असेल, तर हे वाचलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाने करावे तरी काय? तो निमूटपणे वजने टांगतो, कारण पुढचा रुग्ण आपल्याकडूनच यावयाचा असतो.

याउलट, जे केवळ आपल्यालाच ठाऊक असते ते चिठ्ठीवर येत नाही. शस्त्रक्रियेचा दिनांक, पायावर भार देण्यास मुभा आहे किंवा नाही, हाडात धातूची पट्टी आहे काय, छातीत पेसमेकर आहे काय. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसताना शॉर्टवेव्हचे यंत्र सुरू करणे धोक्याचे असते, आणि वृद्ध रुग्ण ही माहिती आपण होऊन सांगतोच असे नाही.