कॉफीचं गाव कोणतं?

चहावर जगणाऱ्या जिल्ह्यात कॉफीचे लाड करायचे म्हणजे जरा डेअरिंगच! धाराशिवात दोस्त भेटला की ‘चल, कटिंग मारू’, साहेब खूश झाले की चहा, साहेब भडकले की डबल चहा. कॉफी म्हणजे परीक्षेची रात्र, नाहीतर पुण्याहून आलेली पाहुणेमंडळी. इन्स्टंट पावडर, साखर, दोन थेंब पाणी, चमच्यानं खटाखट फेटा आणि वर उकळतं दूध. झाली कॉफी!

पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिंजवडीचे लॅपटॉप गावाकडे आले आणि त्यांच्या पाठोपाठ कॉफीची पार्सलंही यायला लागली. पत्त्यावर कुणी उस्मानाबाद लिहितं, कुणी धाराशिव. पिनकोड तोच, ४१३५०१. आत एक जाडसर पाकीट, त्याला छोटंसं भोक असलेला व्हॉल्व्ह, आणि मागे एखाद्या सातबाऱ्याला लाजवेल इतकी माहिती. इस्टेटचं नाव, डोंगराची उंची, झाडाची जात, फळावर काय प्रक्रिया केली, भाजल्याची तारीख. पुढे मोठ्या अक्षरांत ‘सिंगल ओरिजिन’. आणि किंमत? पाव किलोला पाचशेच्या आसपास, कधी त्याहूनही वर. आई विचारणारच, ‘यात सोनं घातलंय का?’

सोनं नाही, पण पत्ता आहे. पैसे त्या पत्त्याचेच.

सगळी पोती एकाच ढिगात

सिंगल ओरिजिन म्हणजे एकाच ठिकाणची कॉफी. ते ठिकाण म्हणजे कधी अख्खा प्रदेश, कधी एकच इस्टेट, तर कधी त्या इस्टेटमधला एखादाच तुकडा. वाटतं ही फॅशन न्यूयॉर्कहून आली असावी. पण आपल्याकडे ती इतक्या उशिरा का आली, याचं कारण अगदी देशी आणि सरकारी आहे.

१९४२ च्या कॉफी कायद्यानंतर मळेवाल्याला आपली कॉफी स्वतः विकताच येत नव्हती. सगळा माल कॉफी बोर्डाकडे जमा करायचा. तिथे प्रतवारी व्हायची, एकाची पोती दुसऱ्याच्या पोत्यांत मिसळायची आणि मग लिलाव. या व्यवस्थेला ‘पूल’ म्हणायचे. तुम्ही जीव ओतून पिकवा, नाहीतर कसंबसं. प्रत तीच असेल तर ढीग तोच. मळ्याचं नाव पोत्याबरोबर बोर्डाच्या दारात संपायचं. १९९२-९३ पासून हे हळूहळू सैल झालं. आधी काही हिस्सा बाहेर विकायची मुभा मिळाली, मग निम्मा, आणि १९९६ पर्यंत सगळीच विक्री खुली झाली. बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं तेही १९९६ सालीच. कॉलेजात असताना आपण सगळे तिथे एक कॅपुचिनो तीन तास पुरवायचो, पण ती कुठल्या डोंगरावरची हे कुणी विचारलं नाही, की कुणी सांगितलंही नाही.

सांगणारे आले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. दिल्लीतून २०१३ साली ब्लू टोकाईनं इस्टेटच्या नावानिशी पाकिटं विकायला सुरुवात केली. मुंबईत खारचे केसी रोस्टर्स आले, २०२० मध्ये वांद्र्याचं ‘सबको’ आलं, आणि नागपुरात, हो, नागपुरातच, कॉरिडॉर सेव्हन. छोटी रोस्टरी थेट मळ्याशी बोलते, थोडाच माल घेते, एका वेळी काही किलोच भाजते आणि कुरिअरला देते.

खव्याच्या भट्टीवरचा धडा

भाजणं म्हणजे नेमकं काय, हे भूमच्या माणसाला समजावायला वेळ लागणार नाही. भूम, वाशी, कळंबच्या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. दूध आटत असताना जो माणूस उलथनं चालवतो त्याचं लक्ष घड्याळावर नसतं. रंग, वास, कढईची बाजू सोडायची ढब. दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली की खवा करपट, नाहीतर ओला.

कॉफीचंही सेम टू सेम. कच्ची बी हिरवट-राखाडी असते, वास गवतासारखा. गरम ड्रममध्ये गेली की आधी पिवळी पडते, मग भाकरी भाजल्यासारखा वास सुटतो, मग तपकिरी रंग. साधारण २०० अंशांच्या आसपास ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा ‘तडतड’ आवाज येतो. याला म्हणतात फर्स्ट क्रॅक. खरी कसोटी यानंतर. लवकर थांबलात तर फळाचा आंबटगोडपणा शिल्लक राहतो, म्हणजे ती बी कुठली हे जिभेला कळतं. जास्त भाजलीत की डोंगर पुसला जातो आणि उरते फक्त भट्टी: कडू, खमंग, धुरकट. म्हणून सिंगल ओरिजिन बहुधा हलकी किंवा मध्यम भाजतात. या सगळ्यात एक किलो कच्च्या बीचे ८५० ग्रॅमच उरतात, बाकी पाणी उडून जातं. हा घाटा किमतीत धरा.

पाकिटावर ‘संत्र्याची साल, गूळ, भाजलेले बदाम’ असलं काही छापलेलं असेल तर गोंधळू नका. यातलं काहीही आत घातलेलं नसतं. प्यायल्यावर कशाची आठवण होते, तेवढंच ते. आंबा खाताना हापूस की केशर हे आपण ओळखतो ना, तसंच. पहिल्या घोटात काहीच कळत नाही, हेही नॉर्मल आहे.

‘वॉश्ड’ आणि ‘नॅचरल’ हे दोन शब्द मात्र लक्षात ठेवाच. फळाचा गर काढून, बी आंबवून, धुऊन वाळवली तर वॉश्ड: चव स्वच्छ, नेटकी. अख्खं फळच उन्हात वाळवलं तर नॅचरल: जास्त गोड, फळासारखी, कधी थोडी दारूच्या वासाकडे झुकणारी. वॉश्डला पाणी भरपूर लागतं. टँकरचे दिवस पाहिलेल्या मराठवाड्याच्या माणसाला नॅचरलबद्दल उगाचच आपुलकी वाटते, काय करणार!

ब्लेंड म्हणजे भाजणी

आता एक गैरसमज. सिंगल ओरिजिन भारी आणि ब्लेंड म्हणजे उरलंसुरलं, असं कॅफेत बसलेला एखादा दाढीवाला तुम्हाला पटवून देईल. ऐकू नका. थालीपिठाची भाजणी आठवा. ज्वारी, हरभरा, उडीद, धणे, प्रत्येकाचं भाजणं वेगळं आणि प्रमाण आजीच्या हातात. नुसत्या ज्वारीला जे जमत नाही ते भाजणीला जमतं. चांगलं ब्लेंड असंच असतं. एक बी गोडवा देते, दुसरी जाडी, तिसरी सुगंध. आणि पावसाळा कसाही गेला तरी चव तीच राहते, जे एकट्या मळ्याला शक्य नाही.

शिवाय आपण दूधवाले! देशातल्या कॉफीत सत्तर टक्क्यांहून जास्त रोबस्टा, उरलेली अरेबिका. अरेबिका नाजूक, उंचावरची. दूध-साखर पडली की गप्प बसते. रोबस्टा दणकट, कॅफिनही जवळपास दुप्पट, दुधातही तिचा आवाज ऐकू येतो. घरच्या म्हशीच्या दुधात करायची असेल तर रोबस्टा मिसळलेलं, जरा जास्त भाजलेलं ब्लेंड घ्या. पाचशेची नाजूक नॅचरल साईच्या दुधात बुडवणं म्हणजे पैठणी नेसून शेणकाला करणं.

चिकोरीचं वेगळं. ती कॉफीच नाही, एका झाडाचं भाजलेलं मूळ आहे. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून आणलेल्या पाकिटात ४९ टक्के मूळ असू शकतं, तेही अगदी कायदेशीर! आवडत असेल तर खुशाल प्या, फक्त छापलेलं वाचून पैसे द्या.

पाचशेतले किती?

आता जरा हिशेब. २०२५ च्या सुरुवातीला जगात अरेबिकाचे भाव विक्रमी चढले, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडाला चार डॉलरच्या वर गेले. कर्नाटकात सालीसकट अरेबिकाच्या ५० किलोच्या पोत्याला २५ हजारांच्या पुढे भाव मिळाला. साल काढली की साधारण ४० किलो उरते, भाजली की ३४. म्हणजे पाव किलोची १३६ पाकिटं. भागाकार करा: एका पाकिटामागे मळेवाल्याला १८५ रुपयांच्या आसपास. तेही विक्रमी वर्षात. त्याआधी काही वर्षं भाव याच्या निम्म्याहूनही कमी होता. उरलेल्यात भाजणं, पाकीट, कुरिअर, कॅफेचं भाडं, जाहिरात.

चांगली रोस्टरी चांगल्या मालाला बाजारभावाहून जास्त देते, असा या धंद्याचा दावा असतो. काही रोस्टर्स तो आकडा जाहीरही करतात. ज्यांच्या पाकिटावर डोंगराची उंची मीटरमध्ये असते पण शेतकऱ्याला काय दिलं याची कुठेच ओळ नसते, त्यांना ईमेल टाकून विचारायला काय हरकत आहे? आपण वाळवणवाल्या मावशींशी पापडाच्या दहा रुपयांवरून अर्धा तास घालतो की!

हा प्रश्न धाराशिवला परका नाही. मार्च २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि अराकू व्हॅली या पाच कॉफींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, तेच मानांकन आपल्या कुंथलगिरीच्या खव्याला मिळालं, तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही. कागदावर खवा आता अराकूच्या पंगतीत आहे. पण अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी २०१७ मध्ये पॅरिसच्या दुकानात स्वतःच्या नावानं मांडली गेली. आपला खवा? गाडीतून मोठ्या शहरांत जातो आणि तिथे कुठल्या तरी स्वीट मार्टच्या नावाचा गुलाबजाम होतो. बोर्डाच्या काळातल्या पुलासारखंच झालं की हे. खव्याच्या डब्यावर गाव, भट्टी आणि तारीख छापणारं कुणी उभं राहिलं, तर धाराशिवचं सिंगल ओरिजिन तेच.

महाराष्ट्राची स्वतःची कॉफी आहे का? आहे! अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, १,१०० मीटरच्या आसपास. इंग्रजांच्या काळात लावलेली, सावलीत वाढणारी, अगदी थोडी. अख्ख्या राज्यात कॉफी पिकवणारा भाग म्हणून नाव घेतलं जातं ते याच डोंगराचं. चिकमगळूर कुणालाही सांगता येतं, चिखलदरा ऐकून मात्र विदर्भाबाहेरचे मराठी लोक चकित होतात. पावसाळी ट्रिपला गेलात तर पाकीट जरूर आणा. भाजण्याची तारीख आहे का, तेवढं बघा.

ट्राय करायचंय?

पहिल्यांदा शंभर ग्रॅमचं सॅम्पल किंवा पाव किलोच मागवा, किलोभर नको. भाजल्यापासून चार-पाच दिवसांनी चव उमलते, महिन्याभरानंतर मावळते. व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो: भाजलेल्या बीतून वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही. फ्रिजमधल्या लसणाशेजारी ठेवू नका. महागड्या मशिनची गरज नाही. साडेसातशेच्या आत मिळणारं साधं फ्रेंच प्रेस किंवा आजोळचा स्टीलचा फिल्टर पुरे. १५ ग्रॅम कॉफी, सव्वादोनशे मिली पाणी, चार मिनिटं.

आणि पाणी! बोअरचं जड पाणी घातलं तर उत्तम कॉफीचाही आंबटगोडपणा मरतो, चव खडूसारखी सपाट लागते. आधी कॉफीला नावं ठेवू नका, एकदा आरओचं किंवा जारचं पाणी वापरून बघा.

सोबत काय? बिस्किट राहू द्या. बिनसाखरेची वॉश्ड, काळी, आणि बशीत कुंथलगिरीचा एक पेढा. आधी पेढ्याचा तुकडा, मग घोट.