जुन्या कठीण लाकडाच्या फळ्या : करवत कोणती निवडावी ?

बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लालबर्रा हे तहसिलीचे गाव लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच या भागाचीही राजधानी होती, आणि भंडारा-गोंदिया भागाशी येथील कुटुंबांचे सोयरसंबंध अद्यापि आहेत. साहजिकच घरबांधणीची जुनी रीतही दोन्हीकडे सारखीच : मातीच्या भिंती, वर कौले आणि आत साग, बीजा किंवा साजा यांचे खांब, तुळया व आढे. अशी घरे पाडून सिमेंटची घरे बांधण्याचे काम आता गावोगाव चालू आहे. पाडलेल्या घरातील तुळई वरून काळवंडलेली दिसली तरी आतील गाभा बहुधा निरोगी असतो. दारे, पेट्या, पलंग यांसाठी इतके सुकलेले लाकूड बाजारात विकत घ्यावयाचे म्हटल्यास मिळणे कठीण. तरीही त्यातील पुष्कळसे चुलीत जाते. याचे एक कारण असे की, आरामशीनवाले जुने लाकूड चिरण्यास नाखूष असतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. लाकडात दडलेला एक खिळा संपूर्ण पट्टा निकामी करू शकतो.

म्हणून करवतीची निवड लाकडाच्या कठीणपणावरून ठरते असे वाटत असले, तरी जुन्या लाकडाच्या बाबतीत ती प्रथम खिळ्यांवरून ठरते. तुळई गिरणीत नेण्यापूर्वी तारेच्या ब्रशने चारही बाजू घासाव्यात. माती व वाळूचे कण राहिल्यास दात्यांची धार तेव्हाच जाते. दिसणारे खिळे पकडीने काढावेत. डोके तुटून आत राहिलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. परंतु लोखंड व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने त्याभोवती निळसर-काळा डाग पडलेला असतो. असा डाग दिसेल तेथे लोहचुंबक फिरवावे व पटाशीने खोदून खिळा काढावा. धातुशोधक यंत्र मिळाल्यास उत्तमच, कारण खोलवरच्या खिळ्यापुढे चुंबकाचे फारसे चालत नाही.

लाकूड खात्रीने स्वच्छ झाले की करवतीचा विचार करावा. करवत जितकी चीर पाडते तितके लाकूड भुसा होऊन जाते. गिरणीतील पट्टा-करवतीची चीर साधारण २ ते ३ मिलिमीटर, मोठ्या चक्री करवतीची ५ ते ६, तर साखळी करवतीची ८ ते ९ मिलिमीटर असते. २० सेंटिमीटर जाडीच्या तुळईतून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढावयाच्या आहेत असे समजा. २ मिलिमीटर चिरेने सात फळ्यांना १८७ मिलिमीटर पुरतात. ६ मिलिमीटर चिरेने त्याच सात फळ्यांना २११ मिलिमीटर लागतात, म्हणजे सहाच फळ्या निघतात. एका तुळईमागे एक फळी, आणि घरात तुळया दहा-बारा असल्या तर एका दाराचे लाकूड भुशात गेले. शिवाय चक्री करवतीचे पाते अर्ध्याहून कमीच आत जाते. २० सेंटिमीटर जाडीसाठी ४० सेंटिमीटरहून मोठे पाते हवे. सुताराजवळील हातचक्रीची चीर तर सुमारे साडेसहा सेंटिमीटर खोल जाते. पातळ वासे व फाटे यांनाच ती योग्य.

जाड तुळयांसाठी पट्टा-करवतच इष्ट होय. दात्यांविषयी मात्र दोन मते आढळतात. सागात सिलिका असल्याने साधे पोलादी दाते लवकर बोथट होतात, म्हणून टंगस्टन कार्बाइडची टोके असलेले दाते घ्यावेत असे सांगितले जाते. नव्या सागाला हे लागू आहे. परंतु कार्बाइड ठिसूळ असते. खिळा लागताच टोक उडते, आणि उडालेला तुकडा माणसाला इजा करू शकतो. साधा दाता वाकला वा बोथट झाला तर घासून पुन्हा कामास येतो. खिळ्यांबद्दल तिळमात्रही शंका असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते साधे दातेच बरे. सुक्या लाकडाला दात्यांचा डावा-उजवा वाक थोडा कमी चालतो, ओल्यास अधिक लागतो. बैहरकडील साल अधिक जड व गुंतलेल्या तंतूंचा असल्याने तो चिरताना लाकूड सावकाश सरकवावे; घाई केल्यास पट्टा भरकटतो व फळी लहरीसारखी निघते.

दोघांनी ओढावयाची मोठी करवत (एक माणूस वर, एक खाली) आता क्वचितच दिसते. थोड्या लाकडासाठी व वीज नसलेल्या ठिकाणी मात्र ती अजूनही कामाची आहे. दाते उभ्या चिरेचे असावेत, आणि कानस जवळच ठेवावी. खिळा आला तर हाताला तत्काळ कळते, हा तिचा मोठाच गुण.

भुशाकडे दुर्लक्ष होते. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले आहे. नाका-तोंडावर मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा हवाच.

शेवटी परवान्याची बाब. मध्य प्रदेशात आरायंत्रांचे नियमन काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम, १९८४ अन्वये होते. लाकूड परवानाधारक गिरणीतच न्यावे, आणि घर पाडण्यापूर्वी तुळया-खांबांची यादी करून ग्रामपंचायतीकडून लेखी दाखला घ्यावा. सागाच्या फळ्या गोंदिया वा भंडाऱ्याकडे न्यावयाच्या असतील तर, गाडी भरण्याअगोदर जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पासाची चौकशी करावी. नाक्यावर गाडी अडल्यानंतर हे आजोबांच्या घरचे लाकूड आहे, असे नुसते तोंडी सांगून भागत नाही.